आपटा कीं कांचन ?

दसऱ्याच्या सायंकाळीं वडील मंडळींच्या हातीं सोनें देऊन नमस्कार करण्याची चाल आपल्याकडे घरोघरीं आहे. परंतु तें सोनें खरोखर आपट्याचें आहे कीं नाहीं, हें पाहणारे थोडेच. दुसऱ्यांस दोष देण्यापूर्वीं मी आपलाच अपराध सांगतों. परसांत आपटा असावा म्हणून मीं एक रोप विकत आणिलें, त्यास पांच वर्षें पाणी घातलें आणि दोन दसऱ्यांस त्याचीं पानें मोठ्या अभिमानानें वांटिलीं. पुढें ऐन कार्तिकांत त्यास टपोरीं जांभळीं फुलें आलीं, तेव्हां कळलें कीं हा कांचन ! जन्मभर मुलांकडून ‘अश्मंतक’ व ‘कोविदार’ हे निराळे शब्द घोकवून घेणारा मास्तर स्वतःच्या परसांत नापास झाला.

दोन्ही वृक्ष शेंगा धरणारे व एकाच कुळीचे. दोघांचेंही पान टोंकाशीं दुभंगलेलें. या कुळीचें शास्त्रीय नांव ‘बौहिनिया’ हें जोहान (१५४१–१६१३) व कास्पार (१५६०–१६२४) या बौहिन बंधूंवरून पडलें. जोडपान म्हणजे जणूं ते दोघे भाऊ.

खूण मात्र स्पष्ट आहे. आपट्याचें पान लहान, लांबीपेक्षां रुंद, जाड व खरखरीत. कांचनाचें मोठें व पातळ. आपट्याचीं फुलें बारीक, पिवळट पांढरीं, उन्हाळ्यांत मंजरीनें येतात. कांचनाची वाळलेली शेंग तडकून बीं उधळते. आपट्याची तडकत नाहीं, महिनोन्महिने झाडासच लटकते. म्हणून ती फोडूनच बीं काढावें. कवच कठीण असल्यामुळें त्यावर कढत पाणी ओतून रात्रभर ठेवावें व मृगाच्या सुमारास पेरावें. मूळ लवकर खोल जातें, यास्तव रोप लहान असतांनाच कायमच्या जागीं लावावें. आरंभीं गुरांपासून जपावें. पुढें मुरमाड जमिनींतही तें तग धरतें.

कोणी म्हणतील, कौत्सासाठीं कुबेरानें आपट्यावरच सोनें वर्षिलें ना ? रघुवंशाच्या पांचव्या सर्गांत ती वृष्टि कोषागारांत झाली आहे. झाडाचें नांवही तेथें नाहीं. सोनें मानावयाचें तर झाडासच मानावें. त्याच्या फांद्या ओरबाडून सोनें कसलें? आमच्या घरीं आतां एकेकच पान वांटितात.

बियांपासून केलेला आपटा यंदा गुडघ्याएवढा झाला. सूनबाईंनीं विचारलें, “मामंजी, मग शेजारचा कांचन तोडावयाचा का ?”

मीं म्हटलें, “नको. नांव मीं चुकविलें. त्याचा काय अपराध?”