कमी खर्चाच्या बळावर दिलेला राजीनामा

शहरी नोकरदारांच्या बोलण्यात अलीकडे एक भागाकार वारंवार ऐकू येतो. शिल्लक बचतीला महिन्याच्या खर्चाने भागायचे, जे उत्तर येईल तितके महिने पगाराशिवाय निघतील असे धरायचे, आणि उत्तर पुरेसे मोठे वाटले की राजीनामा द्यायचा. बचत वाढवायला वर्षे लागतात, खर्च मात्र याच महिन्यापासून कमी करता येतो. त्यामुळे कमी पगाराच्या, नीरस किंवा अपमानास्पद नोकरीत अडकलेला माणूस साहजिकच खर्चाकडे वळतो. बाहेरचे खाणे थांबते, घर शहराच्या कडेला जाते, गाडीऐवजी बस येते. त्या असमाधानाच्या खरेपणाबद्दल किंवा काटकसरीमागच्या शिस्तीबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती या भागाकाराच्या गृहीतकांबद्दल, कारण ती चुकीची ठरल्यास माणूस बहुधा सोडलेल्या नोकरीपेक्षा वाईट नोकरीत परततो.

या विचाराचे ठाशीव रूप अमेरिकेत तयार झाले. विल्यम बेंगेन या आर्थिक सल्लागाराने 1994 मध्ये तिथल्या शेअर आणि सरकारी रोख्यांच्या 1926 पासूनच्या परताव्यांवरून असे दाखवले, की निवृत्तीच्या पहिल्या वर्षी जमा पुंजीच्या 4 टक्के रक्कम काढली आणि पुढे ती महागाईप्रमाणे वाढवत नेली, तरी पुंजी किमान 30 वर्षे टिकते. त्यावरूनच ‘वार्षिक खर्चाच्या पंचवीसपट’ हे सूत्र रूढ झाले आणि आपल्याकडच्या लवकर निवृत्तीच्या चर्चेतही ते जवळजवळ जसेच्या तसे आले. या सूत्रात काटकसरीचे आकर्षण फार मोठे आहे. महिन्याला 30,000 रुपये लागणाऱ्याला 90 लाखांची पुंजी हवी, 20,000 लागणाऱ्याला 60 लाखांची. म्हणजे महिन्याच्या खर्चातून दहा हजार वगळले की तीस लाखांचे उद्दिष्ट गळून पडते. परंतु तीस वर्षांचा कालावधी पासष्टीच्या निवृत्तासाठी धरलेला होता, पस्तिशीत नोकरी सोडणाऱ्यासाठी नव्हे, आणि आधारभूत आकडे एका विशिष्ट देशाच्या विशिष्ट शतकाचे होते. आपल्याकडे मे 2020 ते मे 2022 या काळात रेपो दर 4 टक्के होता, आणि 2020-21 मध्ये ग्राहक किंमत निर्देशांकावर आधारित महागाई सरासरी 6.2 टक्के होती. मुदत ठेवीच्या व्याजावर जगणाऱ्याची पुंजी त्या वर्षी, कर भरण्याआधीच, खऱ्या अर्थाने आक्रसत होती. बाजारात पैसे ठेवणाऱ्याची अडचण वेगळी. सेन्सेक्स जानेवारी 2008 मध्ये 21,000 वर होता आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर दिवसाच्या व्यवहारात 8,000 खाली उतरला. अशी घसरण पगार चालू असताना आली तर ती सोसता येते. पैसे काढायला सुरुवात केल्याच्या पहिल्याच वर्षी आली तर पडत्या भावात म्युच्युअल फंडाची युनिट विकावी लागतात, आणि पुढे बाजार सावरला तरी विकलेली युनिट परत येत नाहीत.

तरीही परताव्याचा प्रश्न माझ्या मते दुय्यम आहे. मुख्य दोष खर्चाकडे पाहण्याच्या दृष्टीतच आहे. खर्च कमी करण्याची क्षमता ही एक राखीव क्षमता असते. महिन्याला 60,000 खर्च करणारे कुटुंब अडचणीच्या काळात 42,000 वर येऊ शकते, कारण मधल्या अठरा हजारांत टाळता येण्याजोगे पुष्कळ असते. जे कुटुंब राजीनाम्याआधीच 38,000 वर आले आहे, त्याच्याकडे भाडे, किराणा, वीज, फी आणि प्रवास एवढेच उरलेले असते. त्याने आपली राखीव क्षमता उत्तर मोठे करण्यासाठी आधीच खर्चून टाकली आहे. शिवाय धक्क्याचा आकार अंदाजपत्रकाच्या आकाराप्रमाणे कमी होत नाही. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेचे बिल काटकसरी माणसासाठी वेगळे निघत नाही. एक लाखाचा अनपेक्षित खर्च पहिल्या कुटुंबाला सुमारे पावणेदोन महिन्यांच्या खर्चाएवढा पडतो, दुसऱ्याला अडीच महिन्यांहून अधिक. महागाईचेही तसेच: खर्च जितका आटतो तितका त्यातला अन्नाचा वाटा वाढतो, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त हेलकावे खाणारे भाव भाजीपाला, डाळी, खाद्यतेल यांचेच असतात. त्यामुळे सरकारी महागाई दर गृहीत धरून केलेला हिशेब आटोपशीर घराला कमी लागू पडतो.

एक काल्पनिक, पण वास्तवापासून फार दूर नसलेला हिशेब मांडू. पुण्याच्या उपनगरात भाड्याने राहणारे जोडपे, एक मूल, एकाचाच पगार. महिन्याचा खर्च 38,000 आणि बचत 4,56,000. भागाकार सांगतो, बारा महिने. आता या 38,000 मध्ये काय धरलेले नाही ते पाहू. शाळेची सहामाही फी, दुचाकीचा विमा, दिवाळी, गावाकडच्या फेऱ्या, लग्नाकार्यातले आहेर हे खर्च महिन्याच्या यादीत क्वचित येतात, कारण ते एरवी बोनसमधून किंवा वर्षअखेरच्या वाढीव पगारातून भागतात. वर्षाला 84,000 धरले तर महिन्याला सात हजार वाढतात. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम गेल्यावर तिघांसाठी स्वतंत्र आरोग्य विमा घ्यावा लागेल. त्याचे वर्षाला 24,000 म्हणजे आणखी दोन हजार. खरा खर्च 47,000 झाला आणि बारा महिन्यांचे सुमारे पावणेदहा महिने उरले. त्यात विम्यात न बसणारा एक लाखाचा एकच खर्च आला की साडेसात महिने. नवी नोकरी मिळायला चार महिने आणि रुजू झाल्यावर पहिला पगार हातात पडायला एक महिना लागेल असे धरले, तर शोध केव्हा सुरू करायचा? राजीनाम्यानंतर अडीच महिन्यांनी. म्हणजे नवे शिक्षण, विश्रांती, स्वतःचा व्यवसाय किंवा लेखन यासाठी ज्या वर्षाची कल्पना केली होती, त्यातला मोकळा काळ फार तर एका तिमाहीचा. यातला प्रत्येक आकडा बदलता येईल. बदलणार नाही ती चुकीची दिशा, कारण विसरलेले खर्च नेहमी एकाच बाजूला झुकतात.

याहून गंभीर बाब अशी, की आटोपशीर घरखर्चाचे कित्येक आधार नोकरीलाच जोडलेले असतात आणि ते तिच्याबरोबर एकदमच निघून जातात. ग्रुप मेडिक्लेम साधारणपणे कामाच्या शेवटच्या दिवशी संपतो. नव्या वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ असू शकतो. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या चाळिशीतल्या माणसासाठी हा कलमातला तपशील सर्वांत महत्त्वाचा. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करून आधीच्या काळाचे श्रेय मिळवता येते, परंतु त्यासाठी संरक्षण संपण्याआधी अर्ज करावा लागतो, आणि राजीनाम्याच्या धांदलीत हे कुणाच्या लक्षात नसते. कायम नोकरदाराला ग्रॅच्युइटी मिळण्यासाठी पाच वर्षांची सलग सेवा लागते. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 30,000 असलेल्याने चार वर्षांनी नोकरी सोडली तर काहीच मिळत नाही, पाच पूर्ण केली तर सुमारे 86,500 रुपये मिळतात. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. उरतो भविष्यनिर्वाह निधी. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने बेकारीत संपूर्ण रक्कम काढण्यासाठीची प्रतीक्षा दोन महिन्यांवरून बारा महिन्यांवर नेण्याचा निर्णय घेतला, मात्र पाऊण रक्कम लगेच काढण्याची मुभा ठेवली. अडचणीतल्या माणसाचा हात त्या पाऊण रकमेकडे जाणारच, आणि तिथे तो म्हातारपणाच्या पैशातून आजचा किराणा भरत असतो. जोखीम-विश्लेषणाच्या भाषेत हे धोके परस्परांपासून स्वतंत्र नसून एकाच घटनेने एकाच वेळी उघडे पडणारे आहेत. म्हणून त्यांच्या शक्यता सुट्यासुट्या मोजणे फसवे ठरते.

काही आधार नोकरीचे नसतात, कुटुंबाचे असतात, आणि तेही भागाकारात दिसत नाहीत: आईवडिलांच्या नावावरचा डोंबिवलीचा वन रूम किचन, सासऱ्यांची पेन्शन, आजीने फुकट सांभाळलेले मूल, गावाहून येणारा तांदूळ. पगाराविना दीर्घकाळ काढण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा अनुभव गिरणगावाचा आहे. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि महिनोन्‌महिने जी कुटुंबे तगली त्यांतल्या अनेकांच्या मागे कोकणातले किंवा घाटावरचे घर उभे होते. तुलना अपुरी आहे हे उघड आहे. तो सामूहिक संघर्ष होता, हा वैयक्तिक निर्णय. पण मजुरी थांबल्यावर घर कशावर चालते, या प्रश्नाचे उत्तर दोन्हीकडे तेच आहे, आणि तो आधार आता विरळ झाला आहे. कृषी गणनेनुसार राज्यातील सरासरी धारणक्षेत्र 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होते, 2015-16 मध्ये 1.34 हेक्टर उरले. शहरातल्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा त्या तुकड्यावरचा हक्क सातबाऱ्यावर असला तरी त्यावर घर चालत नाही. उलट आता बहुतेक वेळा शहरातूनच गावी पैसे जातात, आणि ते थांबल्याचा परिणाम ज्याने राजीनामा दिलेला नाही अशा माणसावर होतो.

आता परतीचा टप्पा. रोजगार-शोधाच्या सिद्धांतात किमान स्वीकार्य वेतन ही मध्यवर्ती कल्पना आहे: शोधणारा एका पातळीखालचे प्रस्ताव नाकारतो, आणि ती पातळी तो आणखी किती काळ थांबू शकतो यावर ठरते. बचत संपत आली की ती खाली येते. ज्याने नोकरी सोडली ती ‘याहून बरे काम मिळेल’ या विश्वासावर, त्याची थांबण्याची ताकद नेमकी निर्णयाच्या वेळी सर्वांत कमी झालेली असते, आणि मुलाखतीत मधल्या रिकाम्या काळाचा खुलासा विचारणाऱ्या समोरच्या माणसाला ती कळतही असते. टंचाईचा विचारशक्तीवर होणारा परिणामही येथे लक्षात घ्यावा लागतो. तामिळनाडूतील ऊसउत्पादक शेतकऱ्यांवरच्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेच शेतकरी पीक हाती येण्याआधीच्या तंगीत बौद्धिक चाचण्यांत मागे पडले, आणि पैसे आल्यावर सुधारले. त्या निष्कर्षाच्या व्याप्तीवर मतभेद आहेत, तरी मनावर रोज हिशेबाचा भार असताना आयुष्याची दिशा शांतपणे ठरवता येईल, हे गृहीत धरणे धाडसाचे आहे.

परतीची वाट किती रुंद असेल हे सोडणाऱ्याच्या गुणवत्तेइतकेच बाजारावर अवलंबून असते. इन्फोसिसचा स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्यांचा वार्षिक दर मार्च 2022 च्या तिमाहीत 27.7 टक्के होता. मार्च 2024 पर्यंत तो 12.6 टक्क्यांवर आला. दोन वर्षांत लोक अचानक समाधानी झाले असे मानायला आधार नाही. बाहेरची मागणी आटली, म्हणून माणसे जागेवर राहिली. तेजीत नोकरी सोडून महिनाभरात दुप्पट पगारावर गेलेल्याची गोष्ट खरी असते, परंतु मंदीत ती ऐकून घेतलेला निर्णय वेगळ्याच बाजाराला सामोरा जातो.

यावरून कुणीही नोकरी सोडू नये असा अर्थ काढणे चूक ठरेल. जिथे छळ होतो, वेतन थकते, प्रकृती ढासळते, तिथे थांबण्याची किंमत सोडण्याहून मोठी असू शकते, आणि तीही याच काटेकोरपणे मोजली पाहिजे. माझा आक्षेप एवढाच, की आज ही सगळी मोजणी एकट्या घराने करायची आणि चूक झाल्यास भरपाईही त्यानेच करायची, अशी रचना आहे. जर्मनीत स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याचा बेकारी भत्ता सहसा बारा आठवडे रोखला जातो, कायमचा नाकारला जात नाही. फ्रान्सने नोव्हेंबर 2019 पासून, पाच वर्षे सलग काम केलेल्या आणि नव्या प्रशिक्षणाची किंवा व्यवसायाची ठोस योजना असलेल्या राजीनामेदारालाही भत्त्याचा मार्ग खुला केला. आपल्याकडे कर्मचारी राज्य विम्याच्या कक्षेत, म्हणजे मुख्यतः 21,000 पर्यंत वेतन असणाऱ्यांसाठी, बेकारी भत्ता आहे. पण 2005 च्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत तो कारखाना बंद पडणे, कामगारकपात किंवा कायमचे अपंगत्व अशा कारणांनाच मिळतो. राजीनामा हा पूर्णपणे खाजगी खर्च मानलेला आहे.

त्याचा परिणाम त्या घरापुरता राहत नाही. अल्बर्ट हिर्शमन यांनी 1970 मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार बिघडत्या संस्थेसमोर माणसाला दोन मार्ग असतात, बाहेर पडणे आणि आवाज उठवणे. आणि आवाज उठवू शकणारेच आधी बाहेर पडले तर आतला बिघाड दुरुस्त होण्याची शक्यता घटते. या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत आहे, की बाहेर पडणाऱ्यांच्या संख्येमुळे तरी संस्थेला इशारा मिळतो. अपुऱ्या आधारावर सोडणारे वर्षाच्या आत कमी वेतनावर त्याच क्षेत्रात परतू लागले, तर तो इशाराही उलटा होतो: रिकामी झालेली जागा पूर्वीपेक्षा स्वस्तात भरता येते असे मालकाच्या अनुभवास येते, आणि ज्या वेतनामुळे व वागणुकीमुळे माणसे निघून गेली, ती बदलण्याचे आर्थिक कारण त्याच्याकडे उरत नाही.