डोंगलचा करगोटा
लग्नसराई आली की कळंबच्या आमच्या ओळखीच्या छापखान्यात मजकुराआधी डोंगलची शोधाशोध सुरू होते. मराठी टायपिंगची श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. तिचा हा बोटभर डोंगल टोचल्याशिवाय वधूपित्याचं नावही टाइप होत नाही. पूर्वी तो संगणकामागच्या प्रिंटर पोर्टात बसायचा, पुढे यूएसबीवाला आला. मालकांनी त्याला करगोट्याचा काळा दोरा बांधून टेबलाच्या पायाला अडकवलाय. नेट नसलं तरी त्याचं अडत नाही. हरवला तर मात्र धंदाच बंद. परवान्याच्या बाबतीत विंडोजची तऱ्हा वेगळी. ते यंत्राच्या सुट्या भागांवरून ओळख ठेवतं, त्यामुळे मदरबोर्ड बदलला की पुन्हा ‘आपण कोण?’ नेट असेल तर बहुधा मिनिटाचं काम. नव्हतं, तेव्हा आम्ही मायक्रोसॉफ्टला फोन लावला. विंडोज १०चे सात-सात आकड्यांचे नऊ गट, म्हणजे ६३ आकडे, तिकडे कळवायचे आणि तिकडून आलेले ४८ इकडे भरायचे होते. वाचायला मी बसलो. सवयीनं ‘अठ्ठ्याहत्तर’ म्हणालो, तर छापखान्यातल्या पोरानं आधी आठच दाबला! ‘काका, सुटे सुटे सांगा की.’ मराठी आकड्यांचा हा उलटा संसार रेडमंडच्या मायक्रोसॉफ्टला कोण सांगणार? त्या मानानं हिशेबाची टॅली समजूतदार: विनंतीची फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची, नेटवाल्या संगणकावरून उत्तराची फाइल आणायची. पोरगा पेनड्राइव्ह घेऊन एसटी स्टँडकडच्या नेटवाल्या संगणकापाशी गेला, तो चहा पिऊनच परतला.