जुन्या बाजारातील ठेवा

सुट्टीचा दिवस जुन्या बाजारात हिंडण्यात घालविणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे पुष्कळांना वाटते. मुंबईच्या चोरबाजारात जुन्या ध्वनिमुद्रिका विकावयास असतात. हुतात्मा चौकाजवळच्या पदपथावर जुनी पुस्तके मांडलेली असतात. त्यांवरील धूळ पाहून लोक नाक मुरडतात. परंतु त्या धुळीखाली काय दडले आहे, हे पाहणारा विरळा!

१९०२ साली कलकत्त्यास गौहर जान यांचे गायन मुद्रित झाले. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ आपल्याकडील गाणी लाखेच्या तबकड्यांवर उतरत राहिली. तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे, आणि ती हातून निसटली की तिचे तुकडे होत. चित्रकथा तर कागदाच्याच! १९६४ साली सुरू झालेली 'इंद्रजाल कॉमिक्स' ही मालिका १९९० साली बंद पडली. तिचे जुने अंक नव्या दुकानात कोठून मिळणार?

"आता सारे काही मोबाइलवर मिळते," असे कोणी म्हणेल. पण जी तबकडी कोणीतरी जपून ठेवली, तिचेच गाणे मोबाइलपर्यंत पोहोचते. जिची शेवटची प्रत फुटली, तिचे सूर कायमचे लोपले. म्हणून रद्दीतून अशा वस्तू वेचून ठेवणारा दुकानदार हा केवळ विक्रेता नव्हे, तर राखणदारही होय. त्याच्याकडे गेलेल्या मुलाने काही विकत घेतले नाही तरी चालेल. घरातील जुनी पेटी रद्दीत घालण्यापूर्वी उघडून पाहण्याची सवय त्याला लागली, तरी तो दिवस सार्थकी लागला.