नाकाची साक्ष माना

बॉक्साइट हे ॲल्युमिनियमचे खनिज. दगडमातीला वास कसला, असे आपल्याला वाटेल. पण बॉक्साइट बहुधा जमिनीच्या वरच्या थरांत सापडते आणि मुळांचा, कुजलेल्या पालापाचोळ्याचा सेंद्रिय अंश त्यात उतरलेला असतो. कार्ल बायर यांनी १८८८च्या सुमारास शोधलेल्या पद्धतीत बॉक्साइटची पूड कॉस्टिक सोड्याच्या तप्त द्रावणात घालतात. तेथे या सेंद्रिय अंशाचेही तुकडे होतात आणि ॲसिटाल्डिहाइड, ॲसिटोन यांसारखी उडून जाणारी संयुगे वाफेबरोबर बाहेर पडतात.

द्रावण पुन्हा पुन्हा वापरले जात असल्याने उरलेली सेंद्रिय द्रव्ये त्यात साचतात व उत्पादन घटते. म्हणून काही कारखाने त्यातील थोडे द्रावण आटवून भट्टीत जाळतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील वेजरप येथे अशी भट्टी १९९६ मध्ये सुरू झाली आणि शेजारच्या यारलूप गावातून दुर्गंधीच्या व आजारपणाच्या तक्रारी येऊ लागल्या. प्रकरण तेथील विधिमंडळाच्या समितीपर्यंत गेले. तिचा अहवाल २००४ मध्ये आला.

अशा वेळी एक उत्तर हमखास मिळते : ‘प्रत्येक वायू मर्यादेच्या आत आहे.’ हे उत्तर मला अपुरे वाटते. यंत्र एकेक वायू मोजते. माणूस मात्र त्या सर्वांचे मिश्रण हुंगतो. शिवाय काही संयुगे अत्यल्प असतानाही नाकाला जाणवतात. वास मोजताच येत नाही, असेही नाही. हवेचा नमुना शुद्ध हवेत किती पट मिसळला म्हणजे हुंगणाऱ्यांपैकी निम्म्यांनाच वास कळतो, हे पाहून गंधाची तीव्रता ठरवतात. युरोपात या पद्धतीचे मानक २००३ पासून आहे.

उपायही आहेत. टाक्या झाकून वाफ गोळा करावी, ती थंड करून पाणी वेगळे काढावे आणि राहिलेले वायू सुमारे ८०० अंश सेल्सिअसला जाळावेत. पुरेसा प्राणवायू व वेळ मिळाला, तर या संयुगांचे कार्बन डायऑक्साइड व पाणी होते. तापलेल्या चिनी मातीच्या थरांतून वायू आलटून पालटून नेले, की बरीचशी उष्णता परत मिळते व इंधन वाचते. नुसते धुराडे उंच केल्याने मात्र वायू नष्ट होत नाहीत, फक्त दूरवर पसरतात.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या कोल्हापूरच्या पठारांवरही बॉक्साइट आहे. ॲल्युमिनियम आपल्याला हवेच. पण दुर्गंधी आवरण्याचा खर्च धातूच्या किमतीत धरला गेला पाहिजे. तो शेजारच्या गावाने आपल्या श्वासातून का भरावा?