कारखान्यातल्या दवाखान्याची माणसे

कारखान्यातला दवाखाना म्हणजे व्यावसायिक आरोग्य केंद्र. चाकणच्या वाहन कारखान्यांपासून लोटे-परशुरामच्या रसायन कंपन्यांपर्यंत त्याला 'ओएचसी'च म्हणतात. डोकेदुखीची गोळी, बोटाची मलमपट्टी आणि वर्षातून एकदा रक्त-लघवीची तपासणी, एवढ्यापुरतीच बहुतेक कामगारांची या खोलीशी ओळख असते. तिथल्या पथकाचे काम याहून बरेच मोठे आहे. बाहेरच्या रुग्णालयात माणूस आजारी पडल्यावर जातो. इथल्या माणसांनी मात्र कामामुळे कुणाला आजार होऊच नये हे आधी पाहायचे असते, आणि झालाच तर तो लवकर ओळखायचा असतो. या पथकाला पगार मालक देतो, पण त्याचा रुग्ण कामगार असतो. एवढी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली की बाकीची रचना समजायला अवघड नाही.

या रचनेचा पाया १९४८च्या कारखाने अधिनियमाने घातला. दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी, ती सांभाळायला प्रमाणपत्र मिळवलेला एक जबाबदार माणूस, आणि ५००हून अधिक कामगार असतील तर सुसज्ज उपचार-कक्ष, अशा त्यातल्या तरतुदी होत्या. डिसेंबर १९८४मध्ये भोपाळला वायुकांड झाले. हजारो माणसे गेल्यावर कायद्याला जाग आली आणि १९८७च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले. अशा प्रक्रियेवर कामगाराला लावण्याआधी, काम चालू असताना दर बारा महिन्यांच्या आत, आणि ते काम सुटल्यानंतरही त्याची वैद्यकीय तपासणी करणे मालकावर बंधनकारक झाले. पुढे नमुना नियमांनी माणसांची संख्याही ठरवून दिली. ५०पर्यंत कामगार असलेल्या कारखान्याने डॉक्टर बांधून घ्यायचा. ५१ ते २०० कामगार असतील तर आठवड्यातून किमान दोनदा येणारा अर्धवेळ डॉक्टर आणि कामाच्या पूर्ण वेळात हजर असणारा ड्रेसर-कंपाउंडर हवा. २००च्या वर पूर्णवेळ वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, ड्रेसर-कंपाउंडर आणि वॉर्डबॉय हवेत. २१ नोव्हेंबर २०२५पासून जुन्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली. चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची दरवर्षी मोफत तपासणी होईल, अशी हमीही केंद्र सरकारने तेव्हा जाहीर केली. कायद्याचे नाव बदलले, तरी या कामाला लागणारी माणसे तीच आहेत.

या पथकाचा कणा म्हणजे सिस्टर. पुष्कळ कारखान्यांत तिच्या जागी पुरुष परिचारक असतो, त्याला 'ब्रदर' म्हणतात. डॉक्टर जनरल पाळीत असतो, तर सिस्टर किंवा ब्रदर तिन्ही पाळ्यांत असतो. रात्री अडीच वाजता प्रेसवर कुणाचे बोट तुटले, तर पहिली दहा मिनिटे याच माणसाच्या हातात असतात. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरायचा. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचे आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोट थेट बर्फात टाकले तर पेशी गोठून मरतात आणि ते जोडण्याची शक्यता संपते. घाबरलेले सहकारी नेमके हेच करतात, म्हणून चांगली सिस्टर अपघाताची वाट न पाहता प्रेस शॉपमधल्या माणसांना हे आधीच करून दाखवते. रसायनाच्या कारखान्यात डोळ्यात आम्ल उडाले, तर डॉक्टरला फोन लावण्याआधी वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटे डोळा धुवावा लागतो. जळजळ होत असताना पंधरा मिनिटे फार लांबतात. पापण्या उघड्या धरून रुग्णाला तिथे थांबवून ठेवणारे कुणीतरी लागते, आणि तो ताबा अनुभवातूनच येतो.

सिस्टरचे दुसरे काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण महत्त्वाने ते पहिल्याइतकेच मोठे आहे. ते म्हणजे ओपीडीचे रजिस्टर. तारीख, नाव, विभाग, तक्रार, दिलेले औषध अशा त्यात रोजच्या नोंदी असतात. समजा, पंधरा दिवसांत सीएनसीच्या, म्हणजे संगणक-नियंत्रित यंत्रांच्या, एकाच लाइनवरचे चौघे जण मनगटाला खाज आणि लाल चट्टे घेऊन आले. चौघांना वेगवेगळ्या दिवशी मलम देऊन परत पाठवले, तर ती चार किरकोळ दुखणी ठरतात. रजिस्टरवर एकदा नजर टाकून 'हे सगळे एकाच लाइनवरचे आहेत' हे जिच्या लक्षात येते, ती डॉक्टरांना सांगते. डॉक्टर मशीनजवळ जातात. यंत्र थंड ठेवणारा कूलंट जुना झालेला असतो किंवा पाण्यात गरजेपेक्षा जास्त मिसळलेला असतो. तो बदलला, हातमोजे मिळाले, जेवणापूर्वी हात धुवायला रॉकेलऐवजी साबण मिळाला की खाज थांबते. पाचवा माणूस दवाखान्यात येतच नाही. त्वचेचे असे विकार औद्योगिक कामगारांत फार आढळतात आणि त्यांतले बहुतेक याच पद्धतीने टळू शकतात.

मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांची ये-जाही तिच्याकडेच असते. रात्रपाळी लागली की जेवणाच्या वेळा उलटतात आणि इन्सुलिनच्याही. कुणी कधी खायचे, कुणाला उंचावर चढवू नये, भट्टीजवळच्या कुणाला चक्कर आली होती, हे तिला तोंडपाठ असते. असल्या बारीकसारीक माहितीला कागदावर फारसे स्थान नसते. ठेकेदारामार्फत दर सहा महिन्यांनी सिस्टर बदलणाऱ्या कंपन्या ही माहिती दर सहा महिन्यांनी गमावतात.

कारखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला एमबीबीएसनंतर औद्योगिक आरोग्याचे वेगळे शिक्षण लागते. त्यासाठी तीन महिन्यांचा 'एएफआयएच' हा अभ्यासक्रम आहे, आणि मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत तो शिकवला जातो. या शिक्षणाचे सार एका प्रश्नात आहे. इटलीतल्या मोडेना इथे १७०० साली बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने कामगारांच्या आजारांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. रुग्णाला विचारायच्या जुन्या प्रश्नांत 'तुम्ही काम काय करता?' या प्रश्नाची भर घालावी, असा आग्रह त्याने धरला. तीनशे वर्षे उलटून गेली तरी केसपेपरवर 'व्यवसाय : नोकरी' एवढेच लिहिण्याची सवय आपल्याकडे गेलेली नाही. कारखान्याच्या डॉक्टरला 'नोकरी' पुरत नाही. फाउंड्रीत काम, एवढेही पुरत नाही. मोल्डिंगला आहे की फेटलिंगला, किती वर्षे, तोंडाला काय बांधतो, आधी कुठे होता, हे सगळे विचारावे लागते.

कोल्हापूरसारख्या फाउंड्रीच्या गावात हा प्रश्न जीवनमरणाचा असतो. साच्यातून काढलेल्या ओतकामाची वाळू झाडताना आणि घासताना, म्हणजे फेटलिंग करताना, सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ उडते. ती डोळ्यांना दिसतही नाही. फुप्फुसात साठून तिथे व्रण तयार व्हायला बहुधा दहा-वीस वर्षे लागतात. सुरुवातीला जिना चढताना धाप लागते, मग कोरडा खोकला येतो. सिलिकोसिस बरा करणारे औषध नाही. त्यातून क्षयरोगाचा धोका वाढतो, आणि छातीच्या फोटोत दोन्ही सारखे दिसू शकत असल्यामुळे निव्वळ क्षयाचे उपचार चालू राहतात आणि माणूस पुन्हा त्याच धुळीत कामावर जातो. वर्षानुवर्षांचे छातीचे फोटो शेजारी ठेवून पाहणारा आणि फेटलिंगमध्ये किती वर्षे झाली हे ठाऊक असलेला डॉक्टरच ही चूक टाळू शकतो. सिलिकोसिस, शिशाची विषबाधा, आवाजामुळे येणारा बहिरेपणा असे २९ आजार कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत होते. त्यांतला एखादा आढळला तर तो सरकारला कळवणे हे डॉक्टरचे कायदेशीर कर्तव्य ठरवलेले होते. त्यात कंपनीची परवानगी घेण्याचा प्रश्नच येत नाही.

म्हणून चांगल्या वैद्यकीय अधिकाऱ्याची ओळख त्याच्या खुर्चीवरून होत नाही, तो शॉप फ्लोअरवर किती फिरतो यावरून होते. कुठल्या विभागात कोणते रसायन आहे, त्यावर उतारा काय आणि तो कपाटात मुदतीच्या आत आहे का, हे त्याला ठाऊक हवे. हायड्रोफ्लोरिक आम्लाचा थेंब त्वचेवर पडला तर वरून भाजल्याची खूण लहान दिसते, पण आत कॅल्शियम ओढले जात असते. तिथे कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हाताशी लागते. कीटकनाशकांच्या कारखान्यात अॅट्रोपिनचा साठा लागतो. तालुक्याच्या रुग्णालयात ही औषधे असतीलच असे धरून चालणे हा बेजबाबदारपणा आहे.

तपासण्यांसाठी तंत्रज्ञ येतात. त्यांच्या कामाचा दर्जा कसा ओळखावा, हे श्रवणचाचणीवरून चांगले समजते. आवाजाने येणारा बहिरेपणा साधारणतः ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. नेहमीच्या बोलण्याचा पट्टा त्याच्या खाली असल्यामुळे सुरुवातीला कामगाराला काहीच जाणवत नाही. पुढे 'स', 'श', 'फ' यांसारखे वर्ण निसटू लागतात. घरात टीव्ही चालू असताना बायको काय म्हणाली ते कळत नाही, आणि 'लक्षच नसतं तुमचं' म्हणून भांडणे होतात. कानातल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत, त्यामुळे आलेखावरचा पहिला खड्डा वेळेत दिसणे हाच खरा उपाय. पण त्यासाठी चाचणीपूर्वी सोळा तास तरी कानांना गोंगाटापासून विश्रांती हवी. म्हणजे ती साप्ताहिक सुट्टीनंतर, पाळी सुरू होण्याआधी, शांत बंद कक्षात घ्यायला हवी. आठ तास प्रेस चालवून आलेल्या माणसाला कॅन्टीनमध्ये, कॉम्प्रेसरच्या घरघरीत बसवून एका दिवसात तीनशे जणांच्या चाचण्या उरकणाऱ्या फिरत्या गाड्या आहेत. त्यांच्या अहवालाने तपासनीसाची फाइल भरते, कामगाराच्या पदरात काहीच पडत नाही.

फुप्फुसाच्या फुंकरचाचणीचेही तसेच. जोर लावून फुंकायला धीराने शिकवणारा तंत्रज्ञ नसेल, तर निरोगी माणूसही आजारी ठरतो.

वॉर्डबॉय, रुग्णवाहिकेचा चालक आणि प्रत्येक विभागातले प्रशिक्षित प्रथमोपचारक यांना पथकाबाहेरचे समजण्याची चूक अनेक ठिकाणी होते. भाजलेल्या हातावर टूथपेस्ट न लावता वीस मिनिटे नळाच्या साध्या पाण्याखाली तो धरणारा प्रथमोपचारक सिस्टरचे निम्मे काम करून ठेवतो. भाजल्याचे रुग्णालय कुठले, हात जोडणारे कुठले, आणि संध्याकाळी पाळी सुटताना कोणत्या रस्त्याला गाड्या अडकतात, हे चालकाला पाठ असावे लागते. सुरक्षा अधिकारी दवाखान्यात बसत नाही, पण सिस्टरचे रजिस्टर महिन्याला एकदा त्याने पाहिलेच पाहिजे. मोठ्या कंपन्यांत अलीकडे फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक येऊ लागले आहेत. कंबर आणि मान धरलेल्या असेंब्ली लाइनवरच्या माणसांना त्यांची खरोखर गरज आहे.

या सगळ्या माणसांवर कामगाराचा विश्वास बसेल की नाही, हे एका गोष्टीवर ठरते : दवाखान्यात सांगितलेले एचआरच्या टेबलावर जाते का? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९८५ साली व्यावसायिक आरोग्य सेवांविषयी जो १६१ क्रमांकाचा करार केला, त्यात याचे उत्तर आहे. या सेवेतल्या व्यावसायिकांना मालक आणि कामगार दोघांपासूनही पूर्ण व्यावसायिक स्वातंत्र्य हवे. कामगाराच्या गैरहजेरीची कारणे पडताळून पाहण्याचे काम मालकाने त्यांच्यावर टाकू नये. तपासणी मोफत असावी, शक्यतो कामाच्या वेळेत व्हावी आणि तिच्यापायी पगार कापला जाऊ नये. व्यवहारात याचा अर्थ असा की डॉक्टरने व्यवस्थापनाला 'या कामासाठी योग्य', 'अयोग्य' किंवा 'अमुक बंधने पाळून योग्य' एवढेच कळवायचे. कोणता आजार, कोणती गोळी, घरी काय ताण आहे, हे त्याच्या कपाटात कुलपात राहायचे. जिथे हे पाळले जात नाही, तिथे फिट येणारा ऑपरेटर ती लपवतो आणि एक दिवस क्रेन चालवताना त्याला फिट येते. गुप्तता मोडून सुरक्षितता वाढत नाही.

कंत्राटी कामगारांच्या बाबतीत सगळ्यात जास्त हयगय होते. १९४८च्या अधिनियमाच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेला माणूसही कामगारच होता, आणि धोकादायक प्रक्रियेवर काम करत असेल तर त्याची तपासणी इतरांसारखीच व्हायला हवी होती. प्रत्यक्षात ईटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण संयंत्राची, टाकी साफ करायला उतरणारा आणि फेटलिंगला बसणारा बहुधा तोच असतो, पण त्याची फाइल गेटपासपुढे जात नाही. ठेकेदार बदलला की तीही हरवते. दहा वर्षांनी धाप लागली तर धूळ कुठे खाल्ली हे सिद्ध करायला त्याच्याकडे कागदाचा तुकडा नसतो. कामगाराचे आरोग्य आणि वैद्यकीय मदत हा राज्यघटनेच्या २१व्या कलमाखालचा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५मध्ये अॅस्बेस्टॉसच्या खटल्यात सांगितले. प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपावी, असा आदेश न्यायालयाने त्या उद्योगाला दिला. धूळ आणि रसायनांच्या इतर उद्योगांनीही स्वतःहून हाच नियम पाळायला हवा. धोकादायक प्रक्रियेवरच्या कामगाराला आपल्या नोंदी पाहता याव्यात, ही तरतूद १९८७पासूनची आहे. तेव्हा प्रत्येक कामगाराने वर्षाच्या तपासणीनंतर ओएचसीत जाऊन आपला श्रवणचाचणीचा आलेख, फुंकरचाचणीचा अहवाल आणि छातीचा फोटो पाहावा, समजला नाही तर डॉक्टरांकडून समजून घ्यावा, आणि नोकरी सोडताना हिशेबाच्या कागदांबरोबर त्यांच्या प्रतीही मागून घ्याव्यात.