राजीनामा मंजूर, पासवर्ड चालू

सिंगापूरच्या एनसीएस या आयटी कंपनीने कामगिरी समाधानकारक नसल्याचे सांगून एका भारतीय कर्मचाऱ्याला नोव्हेंबर २०२२ मध्ये निरोप दिला. त्याच्या हाती असलेले अ‍ॅडमिन लॉगिन मात्र पुढे चार महिने चालूच राहिले. भारतात परतल्यावर त्याने इथून ते वापरले. दुसरी नोकरी मिळून पुन्हा सिंगापूरला गेल्यावरही वापरले. मार्च २०२३ मध्ये एक छोटा प्रोग्राम चालवून त्याने चाचणीसाठीचे १८० व्हर्च्युअल सर्व्हर एकेक करून पुसून टाकले. कंपनीला सुमारे ९ लाख १८ हजार सिंगापूर डॉलरचा फटका बसला आणि त्याला २ वर्षे ८ महिन्यांचा तुरुंगवास झाला.

फौजदारी खटल्यात गुन्हेगार कोण ते ठरते. लॉगिन बंद करायचे काम कोणाचे होते, हे तिथे ठरत नाही.

हे एकट्या एनसीएसचे दुखणे नाही. सिस्को कंपनीतून एप्रिल २०१८ मध्ये राजीनामा देऊन गेलेल्या अभियंत्याने सप्टेंबरमध्ये ४५६ व्हर्च्युअल मशीन उडवल्या. वेबेक्स टीम्सची १६ हजारांहून अधिक खाती बंद पडली, काही तर दोन आठवड्यांपर्यंत. अमेरिकेतल्या कॅश अ‍ॅपच्या माजी कर्मचाऱ्याने नोकरी सुटल्यावर ग्राहकांच्या माहितीचे अहवाल उतरवून घेतले. कंपनीला सुमारे ८२ लाख आजी-माजी ग्राहकांना तसे कळवत बसावे लागले.

एवढ्या मोठ्या कंपन्यांत हे घडते, याचे कारण तंत्रज्ञानात कमी आणि कामाच्या वाटणीत जास्त आहे. एचआर राजीनामा स्वीकारते, अकाउंट्स हिशेब चुकता करते, आयटी लॅपटॉप जमा करून घेते. ‘नो ड्यूज’च्या कागदावर ओळखपत्र, सिमकार्ड, कपाटाची किल्ली यांसाठी रकाने असतात. पाच जणांत मिळून वापरला जाणारा पासवर्ड कोणाच्याच रकान्यात बसत नाही.

छोट्या उद्योगांत तर कागदही नसतो. जीएसटीच्या पोर्टलवर मोबाइल क्रमांक अकाउंटंटचा, वेबसाइटचे डोमेन ती बनवणाऱ्या पोराच्या खासगी ईमेलवर आणि फेसबुक पेजचा अ‍ॅडमिन मागच्या वर्षी सोडून गेलेला. मग वीस तारखेला विवरणपत्र भरायला बसले की ओटीपी जातो जुन्या अकाउंटंटच्या फोनवर, आणि मालकाला त्याची मनधरणी करावी लागते. इथे गेलेल्या माणसाने काहीच वाकडे केलेले नसते. तो काय काय सांभाळत होता, हेच कोणी लिहून ठेवलेले नसते.

जबाबदारीचे हस्तांतरण ढिले असले की काय होते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेतला एक उपव्यवस्थापक वर्षानुवर्षे त्याच कामावर राहून मे २०१७ मध्ये निवृत्त झाला. जानेवारी २०१८ मध्ये नीरव मोदीशी संबंधित कंपन्या नवी हमीपत्रे मागायला आल्या, तेव्हा नव्या अधिकाऱ्याने पूर्ण रकमेचे तारण मागितले. ‘पूर्वी कधी लागले नाही,’ असे सांगण्यात आले. जुने व्यवहार शोधायला गेल्यावर मुख्य प्रणालीत त्यांची नोंदच सापडेना. बँकांमधल्या स्विफ्ट या संदेशजाळ्यावरून गेलेले संदेश त्या प्रणालीशी ताडून पाहत मे महिन्यातच चार्ज घेतला गेला असता, तर ही बाब ग्राहकाच्या तोंडून कळण्याची वेळ आली नसती.

रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमानुसार बँकांतल्या संवेदनशील पदावरच्या कर्मचाऱ्याला दरवर्षी किमान १० कामकाजाचे दिवस सलग, पूर्वसूचना न देता रजेवर पाठवायचे असते. त्या काळात कार्यालयीन ईमेल सोडून कामाशी संबंधित कोणताही अ‍ॅक्सेस त्याच्याकडे ठेवायचा नसतो. इतर कंपन्यांनाही ही रंगीत तालीम परवडण्यासारखी आहे. माणूस दहा दिवस नसताना जे अडते, ते तो कायमचा गेल्यावर अडणारच.

बाकीची व्यवस्था खर्चिक नाही. रुजू होतानाच प्रत्येकाच्या नावाने परवानग्यांची यादी सुरू करावी आणि परवानगी वाढेल तशी तीही वाढवावी. जाताना ती बंद करून घेण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीवर टाकावी आणि ती व्यक्ती जाणाऱ्याचा थेट वरिष्ठ असावी. कारण तो रोज काय उघडत होता, हे एचआरपेक्षा वरिष्ठालाच ठाऊक असते. सामायिक पासवर्ड शेवटच्या दिवशी संध्याकाळी बदलावेत आणि सरकारी पोर्टलवर क्रमांक कंपनीचाच द्यावा.

यात जाणाऱ्यावर अविश्वास दाखवल्यासारखे होते, असा आक्षेप येतो. नोटीस मिळताच सगळे बंद करून माणसाला चोरासारखे बाहेर काढणाऱ्या कंपन्यांबाबत तो खराही आहे. जी कंपनी जाणाऱ्याचे लॉगिन शेवटच्या दिवशीच बंद करते, तिने त्याचे पैसेही अडवून ठेवू नयेत. वेतन संहितेनेही नोकरी सुटल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकते करायला सांगितले आहे. शिवाय पुढे कधी माहिती फुटली, तर पहिला संशय सोडून गेलेल्यावरच येतो. म्हणून कोणता अ‍ॅक्सेस कोणत्या तारखेला बंद झाला, याची सही-शिक्क्याची प्रत अनुभव प्रमाणपत्रासोबत त्याच्याही हातात द्यायला हवी.