चौदा की पंधरा?

दिवाळीच्या चकल्या मी मोजून डब्यात भरते. सुना हसतात. "आई, कोण पळवून नेणार आहे?" म्हणतात. काय सांगू त्यांना? ३२ वर्षे ऑपरेशन थिएटरात सिस्टर म्हणून काढली. मोजल्याशिवाय हाताला चैन पडत नाही.

पोटाच्या शस्त्रक्रियेत रक्त टिपायला जाड कापडाचे चौकोनी तुकडे लागतात. त्यांना आम्ही मॉप म्हणतो. सुरुवातीला ते मोजायचे, पोट बंद करण्यापूर्वी मोजायचे, कातडी शिवताना पुन्हा मोजायचे. कात्र्या, चिमटे, सुया यांचाही हिशेब तसाच. कोरा मॉप पांढराशुभ्र असतो; पण रक्ताने भिजून आतड्यांच्या घडीत गेला की जाणत्या नजरेलाही दिसत नाही. आत राहिलेला मॉप कधी लगेच पू धरतो, कधी वर्षानुवर्षे गाठ होऊन बसतो.

१९७४ साली मी २३ वर्षांची होते. मध्यरात्री एका बाळंतिणीचे पोट उघडावे लागले, रक्त थांबेना. मॉप दिले होते पंधरा, शेवटी भरले चौदा. बादली उपडी केली, टेबलाखाली पाहिले. चौदाच! तसे सांगितले, तर सर्जनसाहेब खेकसले, "सिस्टर, तुमचंच चुकलं असेल. नीट मोजा." मी मान खाली घालून मोजल्यासारखे केले आणि म्हणाले, "बरोबर आहेत, सर." वहीतही तसेच लिहिले.

पहाटे चारला धुण्याच्या गाठोड्यात हात घातला, तेव्हा माखलेल्या चादरीला चिकटलेला पंधरावा मॉप सापडला. मी तिथेच फरशीवर बसून रडले. दहाव्या दिवशी ती बाई घरी जाताना मला पेढा देऊन गेली. तो काही माझ्या घशाखाली उतरला नाही.

२००३ साली अमेरिकेतील डॉ. अतुल गावंडे (त्यांच्या वडिलांचे गाव यवतमाळ जिल्ह्यातले उटी) आणि सहकाऱ्यांनी अशा ५४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तातडीच्या शस्त्रक्रियेत हा धोका जवळजवळ नऊपट! आणि वस्तू आत राहूनही, जिथे मोजणी झाली होती तिथे शेकडा ८८ वेळा ती 'बरोबर' ठरली होती. ते वाचताना मला माझी वही आठवली.

पुढे २००८ साली, डॉ. गावंडे यांच्याच नेतृत्वाखाली, जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एक तपासयादी काढली. रुग्ण थिएटरबाहेर जाण्यापूर्वी सिस्टरने मोजणी मोठ्याने सांगायची, हे तीत आहेच. पण आरंभी प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे, असेही आहे. मला आधी तो नुसता उपचार वाटला. मग ध्यानात आले, आमच्या साहेबांना माझे नाव शेवटपर्यंत ठाऊक नव्हते!

माझी भाची आता थिएटरात काम करते. मॉपमध्ये हल्ली एक्स-रेत दिसणारा धागा असतो. हिशेब जुळला नाही की रुग्णाला टेबलावरून हलवण्याआधी मशीन आणवते म्हणाली.

"मोठे डॉक्टर रागावत नाहीत?" मी विचारले.

"रागावतात की, मावशी. पण थांबतात."